घाटाच्या वर, घाटाच्या खाली

शुक्रवार, २ जानेवारी. उमापूर

पुण्याहून लेकीचा फोन. "अण्णा, स्वेटर-कानटोपी घ्या, महाबळेश्वरला लई थंडी असते." ही शेकोटीपाशीच बसली होती. म्हणाली, "मग इथं काय ऊन पडलंय?" तिचं खरंच आहे. जानेवारीच्या पहाटे आमच्या भागातल्या परभणीचा पारा पुष्कळदा महाबळेश्वरच्याही खाली उतरतो. रात्री डोंगरमाथ्यावरची गार हवा जड होऊन उताराने खाली ओघळते. आमच्या सपाटीवर निरभ्र आभाळाखाली जमीन भराभर निवते. डोंगराचा खरा गारवा दुपारचा.

शनिवार-सोमवारची किरकोळ रजा टाकली. दिवाळीनंतर वर्ग तसाही अर्धा असतो. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्यांची काही पोरं हंगामी वसतिगृहात आहेत, बाकीची आई-बापाबरोबर फडावर. चौथीतल्या एकाचे आई-बाप यंदा वाईकडे आहेत. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "गुरुजी, त्या अंगाला आलात तर कोपीवर या."

शनिवार, ३ जानेवारी. महाबळेश्वर

शेवगाव, नगर, पुणे. तिथून जावईबापूंची गाडी. सुरूर फाट्याला वळलो, वाई मागे टाकली आणि पसरणीचा घाट चढलो. खाली वाळलेलं कुरण, मध्येच उसाचे हिरवे तुकडे. पाचगणीपासून गाड्यांची रांग.

सुमारे ४,५०० फूट उंचीचं हे ठिकाण मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९च्या सुमारास वसवलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेतली, बदल्यात दुसरं गाव दिलं. म्हणून पेठेचं नाव माल्कमपेठ. साहेब यायचा तो मुख्यतः उन्हाळ्यात. नाताळातली ही झुंबड अलीकडची. बाजारात चणे, चपला, जाम, मधाच्या बाटल्या. खोलीचं भाडं ऐकून हिने माझ्याकडे पाहिलं, मी जावईबापूंकडे पाहिलं नाही.

रविवार, ४ जानेवारी. महाबळेश्वर

उजाडता वेण्णा तलावावर. साताऱ्याच्या शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी तो १८४२ साली बांधवला. काठच्या गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरी साय धरलेली. लोक ती नखाने खरवडून फोटो काढत होते. 'बर्फ पडला' म्हणतात, पण पडत काहीच नाही. खोलगटात साचलेल्या गार हवेने गवतावरचं दव जागच्या जागी गोठतं. हवा शून्याच्या बरीच वर असली तरी गवताचं पातं शून्याला टेकतं.

नंतर स्ट्रॉबेरीचं शेत. गादीवाफे, त्यावर काळा मल्चिंग पेपर, खालून ठिबक. तोडणारी बाई फळाला हात लावत नाही. देठ अंगठ्याच्या नखाने खुडते आणि फळ अलगद डब्यात ठेवते. पिकलेल्या फळाला बोट लागलं की दुपारपर्यंत डाग पडतो. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री एकाच गोमुखातून पडतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा माथा. आमच्या जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा पूर्वेला येते, धोमच्या धरणात अडते आणि वाईच्या खोऱ्यात ऊस पिकवते. त्या उसावर आमचा कोयता चालतो. हिने ओंजळभर पाणी घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आपली माणसं या पाण्यामागंच आलीत की."

सोमवार, ५ जानेवारी. वाईजवळ

कोपी रानाच्या कडेला. बांबूची कमान, वर ताडपत्री, आतून पाचट. त्या पोराचे आई-बाप पहाटे चारलाच फडात गेले होते. दव पडलेल्या उसात पाती ओली असतात, बाह्यांना चिकटतात, हात बधिरतात. बाईने हात पुढे केले, नखांच्या कडा फाटलेल्या. ती मोळ्या बांधते. सुतळी नाही, उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन. उरलेलं वाढं बैलांना, थोडं विकायला. उचल फिटेल का, विचारलं. "बघू, पट्टा पडल्यावर." तोडीचा दर टनाला साडेतीनशेच्या वर गेलाय, पण मुकादमाचा हिशोब शेवटीच कळतो.

चहा झाला. वरची थंडी आणि इथली एकच. मौज करायला मात्र मागे उबदार खोली लागते.

मंगळवार, ६ जानेवारी. उमापूर

पोराला आईचा निरोप दिला : पाढे पाठ कर. त्याने आधी बैलाचं विचारलं. नाल ठोकलाय, नीट चालतो, सांगितलं. मग फळ्यावर नकाशा काढून गोदावरी आणि कृष्णा शिकवायला घेतल्या. सातारा म्हणताच पोरं सुटलीच. कुठल्या थळातलं पाणी गोड, कुठल्या फडात घोणस निघाली, कुठला मालक दूध देतो, सगळं तोंडपाठ. गेल्या सालापर्यंत तीही फडावरच असायची. घाट चढून वर मात्र एकही गेलेलं नव्हतं.