न सुटलेले रोजे

आमच्या घरात बायकांच्या पाळीबद्दल कुणी बोलत नाही; पण रमजानात ती सगळ्यांना कळते. सहरीला कोण उठलं नाही, त्यावरून.

२०२३ च्या रमजानात माझा एकही रोजा सुटला नाही. पंचविसाव्या रोज्याला नणंद हसत म्हणाली, "भाभी, खुशखबर आहे का?" सासूबाई लगेच म्हणाल्या, "दिवस गेले असतील आणि झेपत नसेल तर रोजे सोड. नंतर कजा करता येतात. अल्लाहने सवलत दिलीय."

मी गप्प बसले. मुलगी झाल्यावर आम्ही नवरा-बायकोने ठरवून 'अंतरा'ची इंजेक्शनं सुरू केली होती. दर तीन महिन्यांनी एक, सरकारी दवाखान्यात, मोफत. घरात सांगितलं नव्हतं. सुरुवातीला अवेळी डाग दिसायचे. हा हैज की इस्तिहाजा, नमाज पढायची की नाही, कुणाला विचारणार? पुढे पाळी बंदच झाली. शेवटची सुई सप्टेंबर २०२२ मधली. दुसरं मूल हवं म्हणून थांबवली, तर पाळी परतेना.

आशाताईंनी 'निश्चय' किट दिलं. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकले. एकच रेघ. आठवड्याने पुन्हा एकच.

"गोळी थांबवली की लवकर दिवस राहू शकतात, सुईचं वेगळं," ताई म्हणाल्या. "शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागतात, कधी जास्तही. पण बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणून पाळी न येताही दिवस राहू शकतात. मधूनमधून तपासत राहा."

मला समजलं, पण घराला कोण समजावणार? ईदनंतर शेजारीण सासूबाईंना म्हणाली, "सुनेची कूस बांधलीय कुणीतरी." सासूबाई तावीज आणायला निघाल्या, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

त्या परत खाली बसल्या. तांदळाचं सूप पुढे ओढलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "धाकट्यानंतर मी तांबी बसवली होती. माझ्या सासूला शेवटपर्यंत कळलं नाही."

एकाच छपराखाली आम्ही दोघी एकच गोष्ट लपवत होतो.

जुलैत पाळी आली. २०२४ च्या रमजानात माझे सहा रोजे सुटले. त्या पहाटे नणंद मला उठवायला आली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झोपू दे तिला."