धूर कोणाच्या खात्यात?

बाबांच्या मागे त्यांचे थोडे शेअर माझ्या नावावर झाले. कंपनी दुचाकी बनवणारी. लाभांश घेतोच आहोत, तर ती हवापाण्याचं काय करते तेही बघावं म्हणून वार्षिक अहवाल उघडला. पानंच्या पानं रोपं लावणारी हसरी माणसं. मी मन लावून वाचत बसले. सीए करणारा भाचा म्हणाला, "मावशी, ती जाहिरात आहे. खाली बीआरएसआर शोध."

बीआरएसआर म्हणजे धंद्याच्या जबाबदारीचा नि टिकाऊपणाचा अहवाल, असं काहीसं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना बाजार नियामक सेबीने तो २०२२-२३ पासून सक्तीचा केलाय. त्यात नऊ तत्त्वं, पर्यावरण सहावं. वीज गिगाज्यूलमध्ये! एक गिगाज्यूल म्हणजे साधारण २७८ युनिट, हे कळेपर्यंत चहा गार झाला. भूजल किती उपसलं तेही सापडलं, पण सगळ्या कारखान्यांचं मिळून. कुठल्या गावाखालचं? टंचाईच्या भागातलं पाणी वेगळं दाखवायचा रकाना आहे, पण तो ऐच्छिक प्रश्नांत. तिथे 'लागू नाही'.

मग 'उत्सर्जन तीव्रता' घटलेली दिसली आणि मी खूश. म्हणजे दर रुपयाच्या उलाढालीमागे किती धूर. भाच्याने कागद ओढला. "समज, शंभर कोटींवर शंभर टन." "पुढच्या वर्षी एकशेवीस कोटींवर एकशेपाच टन." तीव्रता साडेबारा टक्के कमी, धूर पाच टन जास्त. गाड्या महाग झाल्या तरी हा आकडा सुधारतो! अहवालात वरच्याच ओळीत एकूण उत्सर्जन छापलेलं होतं. वाढलेलं.

हे उत्सर्जन तीन भागांत मोजतात. स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा धूर. उरलेलं सगळं, पुरवठादारापासून गिऱ्हाइकापर्यंत, स्कोप ३. आता दुचाकी बनवताना जळतं त्याहून कितीतरी जास्त ती रस्त्यावर जाळते. म्हणजे खरा धूर इथेच. आणि नेमका हाच रकाना ऐच्छिक, म्हणून कोरा. मी चालवते ती स्कूटरही याच कंपनीची; तिचा धूर कोणाच्याच खात्यात नाही.

वार्षिक सभेत बोलायला नाव नोंदवलंय. गाड्या किती विकल्या ते अहवालात सांगता, मायलेज जाहिरातीत सांगता, मग गुणाकार करायला काय हरकत आहे, एवढंच विचारणार आहे. भाचा म्हणतो, "त्यात 'स्कोप ३' घाल मावशी. नाहीतर सर्व्हिसिंगची तक्रार समजून कस्टमर केअरचा नंबर देतील."