जोडणी

इंटरनेटची जोडणी लागत नसेल, तर ती कशी लावावी याची माहिती इंटरनेटवरच असते. आज हे वाक्य विनोदाचे वाटेल. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या काळात, आणि त्यातही लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी, ही नित्याची अडचण होती. पोहरा विहिरीत पडला आहे आणि तो काढायचा गळही विहिरीतच आहे, अशी ती अवस्था.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. विदेश संचार निगमाने ही सेवा ज्या मोजक्या शहरांत आरंभी दिली, त्यांत मद्रास होते. पुढच्याच वर्षी त्या शहराचे नाव चेन्नई झाले. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात प्रवेश मिळाला आणि त्यांतील अगदी पहिल्यांपैकी एक, सत्यम इन्फोवे, चेन्नईचीच होती. तरीही जगाशी जोडणारी वाट घराघरांतून जात होती ती दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच.

सन २००० च्या आसपास नोकरीसाठी चेन्नईत आलेल्या एखाद्या मराठी तरुणाची कल्पना करावी. मैलापुरात माडीवरची भाड्याची खोली. दूरध्वनी खालच्या मजल्यावर, घरमालकांचा. त्याचीच एक तार खिडकीतून वर ओढून घेतलेली. संगणक रिची स्ट्रीटवरून सुटे भाग आणून जुळवलेला. माउंट रोडजवळचा तो चिंचोळा बाजार म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे माहेरघरच. एवढा खर्च झाल्यावर विंडोज विकत घेण्याइतके पैसे उरत नाहीत आणि चोरून घेतलेली प्रत वापरणे मनाला पटत नाही. लिनक्स मात्र मोफत आणि रीतसर मिळते. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून वाचकांना लिनक्सच्या तबकड्या पुरवण्यास सुरुवात केली होती. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस हे बंगळूरस्थित तंत्रज्ञ होते. मोडेमच्या विद्येत त्यांचा हातखंडा होता आणि अनेकांची लिनक्सशी पहिली ओळख त्यांच्यामुळेच झाली.

तबकडी चालते, पडद्यावर चित्रे उमटतात, सारे सुरळीत दिसते. मग तो तरुण इंटरनेटसाठी क्रमांक फिरवतो आणि काहीच घडत नाही. पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ येते आणि थांबते. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो यंत्राविषयी नव्हे, स्वतःविषयी : आपल्यालाच हे जमत नाही. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आहे, त्यांना हा विचार अधिक लवकर येतो.

वास्तविक दोष शोधण्याची एक रीत होती आणि ती शिकता येण्यासारखी होती. त्यासाठी मोडेम काय करतो ते आधी समजून घ्यायला हवे. दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी बनलेली असते; सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच स्वरांना तीवरून वाट मिळते. संगणकाला बोलता येत नाही, तो केवळ शून्य आणि एक जाणतो. मोडेम या अंकांचे आवाजात रूपांतर करतो आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करतो. जोडणी लागताना ऐकू येणारी ती कर्कश शीळ आणि खरखर म्हणजे दोन मोडेमचा परस्परपरिचय. इतक्या बेसूर आवाजाची एवढ्या आतुरतेने वाट क्वचितच कोणी पाहिली असेल.

शोधाची सुरुवात तारेपासून करावी लागे. मोडेमला दोन छिद्रे असत, एक तारेसाठी व दुसरे दूरध्वनीसाठी; त्यांची अदलाबदल हा अतिशय सामान्य दोष होता. त्यानंतर द्वार. विंडोज ज्याला 'कॉम-१' म्हणे, त्याला लिनक्स 'टीटीवायएस-०' म्हणत असे, कारण लिनक्सची मोजणी शून्यापासून सुरू होते. एकाऐवजी दुसरे द्वार ठोठावले, तर आतून उत्तर कसे येणार? द्वार बरोबर असूनही ते वापरण्याची परवानगी त्या वापरकर्त्याला दिलेली नसे, ही गोष्ट तर वारंवार घडे.

मग मोडेमशी थेट बोलावे लागे. 'मिनिकॉम' नावाचा साधा प्रोग्राम उघडून 'एटी' ही दोन अक्षरे टंकित करायची. त्यांचा अर्थ, 'इकडे लक्ष दे'. १९८१ मध्ये हेज या अमेरिकी कंपनीने आपल्या मोडेमसाठी ही आज्ञाभाषा आणली आणि पुढे सर्वांनीच ती स्वीकारली. मोडेम जागा असेल, तर तो 'ओके' म्हणतो. हे उत्तर आले, की निम्मी लढाई जिंकली. पुढे तो 'डायलटोन नाही' म्हणाला, तर दर वेळी तार तुटलेली असेच असे नाही. परदेशी बनावटीच्या मोडेमला तिकडच्या स्वराची सवय असते आणि आपल्या केंद्राचा स्वर त्याला ओळखू येत नाही. 'एटीएक्स३' अशी आज्ञा दिली, की तो डायलटोनची वाट न पाहता सरळ क्रमांक फिरवतो.

क्रमांक लागला, शीळ वाजली आणि क्षणार्धात जोडणी तुटली, तर मात्र शोध अधिक सूक्ष्म होई. कधी कारण अगदी घरगुती असे, खाली घरमालकांनी रिसीव्हर उचललेला असे आणि जिन्यातून हाक येई, "तंबी, फोन!" कधी कारण दूरच्या संगणकाच्या शिष्टाचारात असे. काही ठिकाणी तो आधी 'लॉगिन' हा शब्द पाठवून नाव विचारी. आपल्या बाजूच्या आज्ञावलीत मात्र लोक पहिले अक्षर गाळून 'ओगिन' एवढेच लिहीत, कारण ते अक्षर मोठ्या लिपीत येईल की लहान याचा नेम नसे. अनुभवातून आलेले शहाणपण किती छोट्या जागेत मावते, याचे हे सुरेख उदाहरण होय.

आता सर्वांत कठीण प्रसंग. तार ठीक, परवानगी ठीक, तरीही 'एटी' या हाकेला ओ नाही. अशा वेळी बहुधा संगणकात बसवलेले कार्ड 'विनमोडेम' निघे. पूर्ण मोडेममध्ये आवाजाचे रूपांतर करणारी चिप असते. स्वस्त कार्डांत ती गाळून ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकलेले असे आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम केवळ विंडोजसाठी लिहिलेला असे. लिनक्सला ते कार्ड दिसे, पण बोलत नसे. पेटी घरात आहे, वाजवणारा मात्र दुसऱ्याच्या घरी नोकरीला आहे! अशा अर्ध्या वस्तूच्या खोक्यावर 'मोडेम' हा पूर्ण शब्द छापणे कितपत न्याय्य होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. विकत घेणाऱ्याला कोणीच सांगितलेले नसे, की यातला अर्धा भाग तुम्हाला मिळालेला नाही. आणि तो स्वतःलाच दोष देत बसलेला असे.

उपाय दोन होते. एक, संगणकाबाहेर ठेवायचा, स्वतःची चिप असलेला, महाग मोडेम घेणे. दुसरा, स्वयंसेवकांनी तयार केलेला ड्रायव्हर मिळवणे. ल्यूसेंटच्या चिपसाठी असा ड्रायव्हर होता. त्याचा गाभा बंदिस्त, तर भोवतालचा भाग खुला होता आणि आपल्या लिनक्सच्या आवृत्तीनुसार तो नव्याने बांधून घ्यावा लागे. पण तो मिळणार कुठे? इंटरनेटवर!

म्हणून तो तरुण खिशात फ्लॉपी घालून जवळच्या 'ब्राउझिंग सेंटर'ची वाट धरी. सायबर कॅफेला चेन्नईत याच नावाने ओळखत. तासाचे पैसे भरून ड्रायव्हर उतरवून घ्यायचा, घरी यायचे, बांधायला घ्यायचा आणि कळायचे की आणखी एक फाइल हवी. पुन्हा जिना, पुन्हा रस्ता. चुकीचा संदेश पाठ होईना, म्हणून तो कागदावर उतरवून न्यायचा. ज्या वेगाविषयी जाहिराती सेकंदाला ५६ किलोबिट म्हणत, तो वेग येथे पायांनी गाठायचा होता.

या येरझाऱ्यांना उत्तर मिळाले ते माणसांकडून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईत लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट उभा राहिला आणि त्याच्या बैठका आयआयटी मद्रासमध्ये भरू लागल्या. हरणे मोकळी फिरतात त्या झाडीतून जाऊन एका खोलीत जमायचे. कोणाची भाषा तमिळ, कोणाची तेलुगू, कोणाची मराठी. परंतु मोडेमने दिलेला संदेश सर्वांना सारखाच वाचता येई. नोंदवहीत 'एलसीपी टाइमआउट' दिसले, की जाणकार सांगे : पलीकडचा संगणक अजून नाव विचारतो आहे आणि तुमचा संगणक मात्र थेट पुढच्या संभाषणाला लागला आहे. आठवडाभर छळणारा दोष एका वाक्यात उलगडे. त्या वाक्यासाठी कोणी पैसे मागत नसे, की तुम्ही कोणती पदवी घेतली आहे हेही विचारत नसे. फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात जाई आणि पुढच्या बैठकीत कालचा विचारणारा आज सांगणारा होई.

त्याच आयआयटीत प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांचा 'टेनेट' गट निराळ्या वाटेने याच प्रश्नाकडे पाहत होता. त्यांनी सहकारी कंपन्यांच्या मदतीने विकसित केलेल्या 'कॉरडेक्ट' या बिनतारी व्यवस्थेत दूरध्वनी व इंटरनेट एकाच वेळी चालत आणि त्यासाठी असला मोडेम लागतच नसे. पुढे चेन्नईच्याच सी-डॅक केंद्राने 'बॉस' ही लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केली; तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय झाली.

२००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि ती कर्कश शीळ हळूहळू घरांतून नाहीशी झाली. बाहेर ठेवायचा नवा मोडेम नेटवर्कच्या तारेने जोडला जाई; संगणकावर लिनक्स आहे की विंडोज, याची त्याला पर्वा नसे. 'एटी' ही दोन अक्षरे मात्र टिकून राहिली. भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर चालणारे मोडेमही ती आज्ञा ओळखतात आणि तिला १९८१ मधलेच उत्तर देतात : ओके.