पाच रुबियांचं पाकीट

गेल्या जानेवारीत अण्णा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदाच बहरीनला आले. निघताना विमानतळावरच्या तपासणीत त्यांच्या हातातल्या पिशवीतून ब्लेडची पाच पाकिटं काढून घेतली. रेझर परत दिला, ब्लेडं ठेवून घेतली. नियमच आहे तो, आणि फोनवर आधी सांगायला हवं होतं ते आम्ही सांगितलं नाही. पण घरात आल्यावर प्रवास कसा झाला हे नाही, नातवाला काय आणलं हे नाही, अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "सूनबाई, माझी टोपाझ गेली."

सासूबाईंना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. अण्णा एसटीत वाहक म्हणून लागले आणि विटा आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. पहाटे साडेपाचची गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय डेपोत पाऊल टाकलं नाही, असं सासूबाई सांगायच्या. सुतकातले दिवस सोडले तर त्यांच्या गालावर खुंट मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आपला पाच पात्यांचा रेझर त्यांच्या हातात दिला. अण्णा बाथरूममधून बाहेर आले ते नाराजच. "एका ब्लेडचं काम करायला पाच जण, आणि सगळे मिळून केस ओढतात. सरकारी खातं आहे हे." बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये (गावाकडच्या वाचकांसाठी : इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, थंड काही असो वा नसो) फक्त वापरून फेकायचे प्लास्टिकचे रेझर होते. तेव्हा शनिवारी मी, अण्णा आणि पाचवीतले आमचे चिरंजीव असे तिघं गुदैबियाहून बसनं मनामाच्या बाजारात गेलो.

आपण इथे राहणारे 'बाब अल बहरीन'च्या कमानीखालून वर न बघता जातो. अण्णा थांबले. ही कमान १९४०च्या दशकातली, तेव्हा समुद्र जवळजवळ तिच्या पायाशी होता, असं मी सांगितलं. अण्णांनी मागे वळून रस्ते, गाड्या, उंच इमारती बघितल्या आणि विचारलं, "मग नेला कुठं?" भराव टाकून लांब ढकलला, दुसरं काय सांगणार? आतल्या गल्लीतल्या श्रीनाथजींच्या मंदिरात मात्र ते निवांत बसले. सिंधमधल्या ठट्ट्याच्या भाटिया व्यापाऱ्यांनी हे मंदिर १८१७ साली बांधलं, म्हणजे पेशवाई बुडायच्या आदल्या वर्षी. हा हिशेब मी त्यांना करून दाखवला. शाळा सुटली तरी सवय सुटत नाही.

दुकान सापडलं ते तिथून दोन गल्ल्या आत. कुलपं, बॅटऱ्या, कंगवे, घड्याळाचे पट्टे, आणि काचेच्या कपाटात दाढीचं सामान. गल्ल्यावर पांढऱ्या थोबमधले एक वयस्क बहरीनी गृहस्थ होते. अण्णांनी हातानं गालावर खूण केली तर ते स्वच्छ मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "ब्लेड चाहिए? बैठो." त्यांचे वडील मोत्यांच्या निमित्तानं मुंबईला जात. लहानपणी तेही बोटीनं गेले होते. मुंबई ते आखात अशा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी चालत. त्यातली शेवटची 'द्वारका' १९८२ साली बंद झाली. अरबीत ब्लेडला 'मूस' म्हणतात, पंख्याला 'पंका', आणि सरळ जा म्हणायचं तर 'सीदा', हे त्यांनी अण्णांना शिकवलं. शेवटचे दोन शब्द शिकवावे लागले नाहीत.

त्यांनी आधी रोजचा माल दाखवला : लाहोरचं ट्रीट, अलेक्झांड्रियाचं लॉर्ड, जपानचं फेदर. मग अण्णांचा उत्साह पाहून माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात जुना माल होता. 'मेड इन इंग्लंड' लिहिलेलं सेव्हन ओ'क्लॉक, तिथलंच विल्किन्सन स्वोर्ड, आणि निळ्या वेष्टनातलं गिलेट ब्लू. निळ्या पाकिटावर स्वतः किंग गिलेट यांचं चित्र आणि सही. आमच्या मुलाच्या लगेच लक्षात आलं, "आई, दाढीच्या ब्लेडवाल्याला मिशी!"

या गिलेटसाहेबांना त्यांच्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. त्याआधी धार लावत बसायचा वस्तरा होता, त्यांनी फेकून द्यायचं पातं आणलं. निळं ब्लेड बाजारात आलं १९३२ साली. गिलेट वारले तेही त्याच वर्षी आणि इथे जबल दुखानला तेल लागलं तेही त्याच वर्षी. अर्थात आमच्या हातातलं पाकीट त्या सालचं नव्हे. हे ब्लेड पुढे कित्येक वर्षं निघत होतं.

"कितना?" अण्णांनी विचारलं.

"पाँच रुबिया."

अण्णांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून काचेवर ठेवलं. दुकानदार इतके हसले की त्यांना खोकला आला. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत रुपयाच चालायचा. त्या साली दिनार आला तो दहा रुपयांना एक या भावानं. म्हणून जुनी माणसं अजून शंभर फिल्सना 'रुबिया' म्हणतात. पाच रुबिया म्हणजे अर्धा दिनार, आपले शंभरहून जास्त रुपये. अण्णांनी नाणं परत घेतलं नाही. ते अजून त्या दुकानात काचेखाली आहे.

घरी आल्यावर सहा पाकिटं टेबलावर मांडली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लग्नाआधी आणि नंतरही मिळून सहा वर्षं मी हायस्कूलला मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. पण तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं एवढं मलाही कळतं. साबण तोच, ब्रश तोच, कोमट पाणी तेवढंच, वेळ सकाळी सातची. दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले : धार, गुळगुळीतपणा, टिकाऊपणा. दहापैकी गुण अण्णांनी द्यायचे. चिरंजीवांनी स्वतःहून चौथा रकाना घातला, 'रक्त'.

धारेची एक वेगळी परीक्षा मी घेतली. शिवणाचा दोरा दोन हातांत ताणून धरायचा आणि ब्लेड नुसतं टेकवायचं. फेदरला दोरा टेकायच्या आत तुटल्यासारखा वाटला. गिलेट ब्लूही मागे नव्हतं. ते साध्या पोलादाचं, कार्बन स्टीलचं. त्याला धार छान लागते पण पाणी सोसत नाही. मेणकागदात असूनही पाकिटातली दोन पाती आधीच गंजलेली निघाली. पहिल्या दिवशी अण्णांनी त्याला नऊ गुण दिले, दुसऱ्या दिवशी सहा, आणि तिसऱ्या दिवशी कडेला तांबूस ठिपके. इथल्या हवेत लोखंडाची वस्तू बाथरूममध्ये ठेवणं म्हणजे मिठात ठेवणंच. त्यावर अण्णांनी तरुणपणीचा उपाय काढला. काचेचा ग्लास घेतला, ब्लेड आतल्या बाजूला बोटानं दाबून पुढे-मागे घासलं आणि खोबरेल तेलात बुडवून ठेवलं. त्यांच्या वडिलांचं भारत ब्लेड असं महिनाभर चालायचं म्हणे. महिनाभर नाही, पण आणखी दोन दाढ्या निघाल्या.

विल्किन्सनची गोष्ट वेगळी. तलवारी बनवणाऱ्या या इंग्रज कंपनीनं १९६२च्या सुमारास स्टेनलेस स्टीलचं ब्लेड आणलं आणि धारेवर एक पातळ थर दिला. थर कसला? आपल्या डोशाच्या नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच जातीचा. केसाला ब्लेड चिकटत नाही, घसरतं. हे कळल्यावर मला त्या ब्लेडबद्दल घरोबा वाटायला लागला. अण्णांचं मत असं की ते पहिल्या दिवशी जरा अडखळतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोण्यासारखं फिरतं, आणि सातव्या दिवसापर्यंत तक्रार नाही. सेव्हन ओ'क्लॉक त्याहून धारदार पण त्वचेला कोरडं. लॉर्ड मवाळ, पण उलटा हात मारताना दोनदा फिरवावं लागे. ट्रीटला अण्णांनी पाचच गुण दिले, आणि त्यात लाहोरचा भाग किती हे मी विचारलं नाही.

ब्लेड बोथट का होतं, हा प्रश्न मुलानं विचारला. केस तर पोलादाहून पन्नासपट मऊ. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे टवके उडतात. केस वाकून तिरका लागला आणि धारेतली ती जागा आधीच जराशी कच्ची असली, की तिथून बारीक कपची निघते. म्हणजे सरळ उभा केस नाही, वाकलेला केस ब्लेड मोडतो.

तीन आठवड्यांनी मी वही घेऊन बसले. गुणांची बेरीज जुळत होती, रक्ताचा रकाना काही केल्या जुळेना. फेदरला एके दिवशी शून्य आणि दुसऱ्या दिवशी चार. सगळ्यात मवाळ लॉर्डला एकदा पाच. ब्लेड नवं की जुनं, इंग्लंडचं की इजिप्तचं, कशाशीच मेळ नाही. मग एकेक सकाळ आठवायला लागले. ज्या दिवशी पाच, त्या दिवशी अण्णांनी चहा बशीत ओतला नव्हता. बरेच दिवस त्यांनी तो बशीत ओतलाच नव्हता. कप दोन्ही हातांनी धरत होते, थंडीमुळे म्हणून. बहरीनची थंडी ती!

दाढीची पेटी गंज पुसायला म्हणून मी काढली, तर ब्रशच्या डबीखाली गोळ्यांची पट्टी आणि घडी घातलेली चिठ्ठी. सांगलीच्या डॉक्टरांची, ऑक्टोबरची. कंपवात. ज्या पेटीतून तपासणीवाल्यांनी ब्लेडं काढली, त्याच पेटीत हेही होतं. ते मात्र कोणी पाहिलं नाही. मुलाला सांगितलं तर नोकरी सोडून येईल, म्हणून अण्णा गप्प होते. त्या रात्री ह्यांची रात्रपाळी होती. सकाळी ते आल्यावर बाप-लेक दोघं गॅलरीत बसले. काय बोलले मला माहीत नाही. मी पोहे केले आणि दार लोटून घेतलं.

मग काही दिवस सलून. गुदैबियातल्या त्या सलूनमधला कारागीर गोरखपूरचा, हात हलका. त्यानं सुपरमॅक्सचं पातं कागदासकट मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात घातलं. आमच्या ठाण्यात बनायचं ते ब्लेड, अण्णा खूश. दाढी झाल्यावर त्यानं ते अर्धं पातं डब्यात टाकलं. एका गिऱ्हाइकाला एक, हे आरोग्याचं आहे, मी सांगून पाहिलं. "कळतंय," अण्णा म्हणाले, "पण त्यात अजून चार दाढ्या होत्या गं." एक दिनार दिल्याचं दुःख वेगळंच.

फेब्रुवारीत एकदा पाऊस झाला. इथे पाऊस पडला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. खालचा रस्ता तळं झाला. दुपारी मंडळाचा कार्यक्रम, अण्णांच्या गालावर दोन दिवसांचे खुंट, हे कामावर. मी म्हटलं, "अण्णा, मी करू का?"

"सुनेनं सासऱ्याची दाढी करायची?" ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "विल्किन्सनचं घे. दुसऱ्या दिवसाचं."

खरं म्हणजे तोपर्यंत मी त्यांच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. खुर्ची गॅलरीत ओढली, फेस केला आणि गाल ताणायला बोट टेकवलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. बोलता येईना, कारण तोंड हललं की कापेल. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटानं ठोकायला सुरुवात केली. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल. एसटीची घंटा. कानाजवळ एक, हनुवटीच्या वळणावर एक, मानेवर दोन. डावा गाल पूर्ण झाल्यावर चिरंजीव मागून ओरडले, "विटा, विटा, विटा!" आणि अण्णा हसल्यामुळे तेवढं एकदा कापलं.

त्या दिवसापासून वहीत पाचवा रकाना आला, 'कोणी केली'. फेदर मी बाजूला ठेवून दिलं. दोरा तोडायला ते उत्तम, पण थरथरत्या हनुवटीवर दुसऱ्याच्या हातानं फिरवायला मला लॉर्ड आणि विल्किन्सनच चालले. लॉर्डला अण्णांनी चार गुण वाढवून दिले. मार्चमध्ये ओळखीच्या एकांनी सुट्टीवरून येताना टोपाझ आणलं. पण ते उघडलं गेलं नाही. "राहू दे, हे संपू दे," असं रोज म्हणायचे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते परत गेले. या खेपेला ब्लेडं मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत. निघायच्या दिवशी पहाटे मी चहा घेऊन गेले तर बाथरूमचं दार आतून बंद. वीस मिनिटांनी अण्णा बाहेर आले, इस्त्रीचा शर्ट, केस बसवलेले, गाल गुळगुळीत, आणि हनुवटीखाली दोन ठिकाणी, कानाखाली एका ठिकाणी तुरटी लावूनही न थांबलेलं रक्त. "विमानतळावर लोक बघतात," म्हणाले.

मुलगा झोपेतून उठून आला आणि त्यानं वही मागितली. ब्लेड : विल्किन्सन, दिवस चौथा. धार आठ, गुळगुळीतपणा नऊ. रक्त तीन. कोणी केली : आजोबा.