आंबा वाजतो!

थांबा, आधी सांगते, मग हसा! मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही. शाळेत समूहगीताला बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि नुसते ओठ हलव म्हणायच्या. पण परवा शेजारचा पोरगा, जहाजावर असतो तो, सुट्टीला भुईगावात आला, आमच्या ओट्यावर टेकला, पिशवीतून एक खेळणं काढलं, म्हणजे मला खेळणंच वाटलं, आणि मग त्याने तारांवरून अंगठा फिरवला आणि मग माझ्या हातातली पापडी हातातच राहिली!

उकुलेले! थेट होनोलुलूहून आणलेलं! हाताने बनवलेलं! जेमतेम हातभर लांब, चारच तारा, आणि वजन केळ्याच्या फणीएवढंही नाही! आणि आवाज? टपोरा! प्रत्येक सूर येतो, उजळतो आणि पाहुणचार न घेता निघून जातो!

"कसलं लाकूड रे?"

"आंब्याचं, मावशी."

आंब्याचं!! अहो, आमच्याकडे वादळात आंबा पडला की त्याचे खोके होतात, नाहीतर सरपण! तिकडे कोआ नावाचं लाकूड मानाचं, पण आंब्याचीही उकुलेले होतात म्हणे. रंग बघा तुम्ही, अगदी सुकेळीसारखा, मध्ये मध्ये काळपट लहरी! मी नखाने टिचकी मारली. बाजारात कलिंगड वाजवून बघतो ना, तश्शी! तर पोरगा म्हणाला, बनवणारेही अशीच टिचकी मारत मारत लाकूड तासतात, कानाला पटलं की थांबतात. म्हणजे मी कलिंगडाच्या बाबतीत इतकी वर्षं कारागीरच होते की!

आणि मग मी मोबाइलची बॅटरी लावून भोकातून आत डोकावले. (हसू नका! तुम्हीही डोकावाल!) आतलं काम बाहेरच्यापेक्षा देखणं! वरची फळी अवघी दोन मिलीमीटरच्या आसपास, तिला आतून बरगड्यांसारख्या बारीक पट्ट्या, बाजूच्या फळ्या ओल्या करून गरम नळीवर हळूहळू वाकवलेल्या, आणि मग त्या वळणावर आतून चिकटवलेली एक चिमुकली पट्टी, तिला कंगव्यासारख्या खाचा, का तर ती न मोडता वळावी आणि सरस धरायला जागा मिळावी! जे कुणी बघणार नाही तिथे एवढी निगुती! फळी जाड ठेवली तर आवाज दबतो, फार पातळ केली तर तारांच्या ओढीने ती फुगते. या दोन भीतींच्या मधोमध तो कारागीर थांबलाय!

तारा तर तंगुसासारख्या! खरंच, हल्ली काही तारा मासेमारीच्या दोऱ्याच्याच, फ्लुरोकार्बनच्या असतात. आणि गंमत ऐका, सगळ्यात वरची तार जाड आवाजाची असणार ना? नाही! ती चढ्या सुराची! म्हणून तर ते वाजताना सतत उड्या मारल्यासारखं वाटतं. उकुलेले शब्दाचा अर्थही उडी मारणारी पिसू असाच सांगतात!

आता पुढचं ऐकाच. हे वाद्य मूळचं हवाईचं नाहीच! १८७९ च्या ऑगस्टमध्ये मदैराचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला होनोलुलूत उतरले, त्यांच्याबरोबर माशेत नावाचं छोटं तारवाद्य होतं, आणि मग त्याच बोटीतून आलेल्या नुनेस, दियास आणि एस्पिरितु सांतु या तीन सुतारांनी तिथल्या लाकडात ते घडवलं. पोर्तुगीज! म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ज्यांना आपल्या वसईतून घालवलं, त्यांचेच भाऊबंद! बरोबर १४० वर्षांनी तिकडे गेले आणि हे देऊन बसले! आम्हाला मात्र पडका किल्ला! (बरं, पावही दिला. खोटं कशाला बोलू?)

मिरजेचे कारागीर भोपळ्यातून तंबोरा घडवतात, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, हे मला ठाऊक होतं. पण दारातला आंबा? काल मी आमच्या आंब्यालाही टिचकी मारून आले. काही वाजला नाही. यांनी खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता आत गेले.

आतापर्यंत मला दीड सूर येतो. पोरगा म्हणतो, पाठीचं लाकूड पोटाला दाबून धरू नका मावशी, तेही थरथरायला हवं. तळवा लावून पाहिला, खरंच थरथरतं, मांजर गुरगुरतं तसं!

रविवारपर्यंत ते आमच्याकडेच आहे. सोमवारी तो परत जहाजावर. तेव्हा या, लवकर या, आणि येताना नखं कापून या!