दादीचे नाव

आमच्या भागात कुणाच्या घरी मूल जन्मले की दोन फोन लवकर होतात. एक अकीक्याच्या बकऱ्यासाठी आणि दुसरा आम्हाला. "सर, तुम्ही उर्दू शिकवता. एखादं चांगलं नाव सांगा की. पण नवीन पाहिजे हं, कुणाचं नसलेलं." बी.एड. करताना मुलांची नावे ठेवण्याचा विषय आम्हाला नव्हता. तरी इतक्या वर्षांत ते काम अंगवळणी पडले आहे. फिरोजुल्लुगात उघडायची, अर्थ पाहायचा, उर्दूत आणि मराठीत कसे लिहायचे ते कागदावर लिहून द्यायचे.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच घरी मुलगी झाली आणि मास्तरांची विद्या संपली.

आमच्या हजेरीपटावर एक नजर टाकली तरी नावांचा इतिहास कळतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा वर्गात मुस्कान होत्या, अल्फिया होत्या आणि सानिया तर दोन-तीन असायच्याच. टेनिसच्या मैदानावरची सानिया मिर्झा तेव्हा घराघरांत पोचली होती. आता आयरा, इनाया, अनाबिया आहेत. त्या मुलींच्या आया शबाना, रेश्मा, रुखसाना. आज्या हलिमा, जैतून, चाँदबी, हुसेनबी. तीन पिढ्यांत नावामागचा 'बी' गळून पडला आणि कुणाच्या लक्षातही आले नाही.

आमच्या दादीचे नाव मालनबी. आम्ही भोरचे मण्यार. पंतसचिवांचे संस्थान असताना जन्मलेली ही बाई बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून डोंगर ओलांडायची आणि वेल्ह्याकडच्या गावांत फिरायची. लग्न असो की डोहाळजेवण, हिरवा चुडा भरायला मालनबीच पाहिजे. पैसे कमी आणि धान्य जास्त मिळायचे. कुणी पायलीभर भात घाली, कुणी नाचणी. रात्र झाली तर तिथेच कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम आणि पहाटे त्या घरच्या बाईबरोबर जात्यावर हात. ओव्या तिला आमच्या अम्मीपेक्षा जास्त येत होत्या.

मुलगी झाल्याचे कळल्यावर अब्बा इतकेच म्हणाले, "माँ का नाम रख्या तो अच्छा होगा." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्यांचे ते न बोलणेच आम्हाला जास्त ऐकू येत होते.

घरात मते पडली. आमच्या एका नातलगाने सांगितले, "मालन हे काय मुसलमानी नाव आहे? कयामतच्या दिवशी याच नावानं पुकारलं जाईल." त्यांचा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेला नाही. चांगल्या अर्थाचे नाव हा मुलाचा हक्क आहे, हे आम्हीही मानतो. हुजूर पैगंबरांनी एका मुलीचे 'आसिया' हे नाव बदलून 'जमीला' ठेवले, असे हदीसमध्ये आहे, कारण त्या नावाचा अर्थ होता आज्ञा मोडणारी. फिरऔनच्या पुण्यवान पत्नीचे नाव मराठीत लिहिताना तेच दिसते, पण उर्दूत त्याची अक्षरे वेगळी आणि अर्थही वेगळा. म्हणजे प्रश्न अर्थाचा आहे. मालन म्हणजे माळीण, फुलांची बाई. त्यात वाईट काय? नातलग म्हणाले, "वाईट नाही, पण आपलं नाही."

बेगमचा विरोध निराळा होता. तिला 'जिया' ठेवायचे होते. आम्ही म्हटले, हे नाव कुणाचेही असू शकते. ती म्हणाली, "म्हणूनच."

मग तिने आम्हाला आमचीच गोष्ट ऐकवली. बी.एड.ला असताना आम्ही पुण्यात खोली शोधत होतो. एका घरमालकाने खोली दाखवली, भाडे सांगितले, चहाही पाजला. मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्यांना आठवले की खोली कालच दुसऱ्याला दिली आहे. ही गोष्ट आम्ही लग्नानंतर तिला हसत हसत सांगितली होती. ती हसली नव्हती, हे आमच्या लक्षात आले नव्हते. "माझ्या मुलीचं नाव असं असू दे, की दार निदान उघडून तरी बघतील," ती म्हणाली. "आणि तुमच्या दादीचं नाव गोड असेल, पण वर्गात पोरं 'मालनबी, बांगड्या द्या' म्हणून चिडवतील त्याचं काय? तुम्ही मास्तर आहात. तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होते. एका हुसेनाला वर्गात आजीबाई म्हणून चिडवताना आम्ही स्वतः पाहिले आहे. मुलांना दटावता येते, पण त्या मुलीने मान खाली घातली ती घातलीच.

केवळ जुने म्हणून काही चांगले होत नाही, हेही खरे. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. नकुशी हे नावही परंपरेचेच होते. मुलगी नको होती, हे तिला आयुष्यभर हाक मारून सांगायचे. असले नाव टाकलेलेच बरे. दुसरीकडे, आमच्या शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते तेव्हा आम्ही फातिमा शेख यांचेही नाव घेतो. सावित्री आणि फातिमा ही दोन्ही नावे तेव्हाही जुनीच होती, पण मुलींच्या शिक्षणाच्या कामात या दोघी सर्वांच्या पुढे होत्या.

मग आम्ही बेगमला जन्मदाखल्याचा नमुना दाखवला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदावर चार भागांत लिहायचे आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. "आता जिया लिही," आम्ही म्हटले, "आणि पुढचे तीन शब्द वाच." तिने वाचले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझंच नाव तिला अडवणार?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. वाद जिंकल्याचा आनंदही झाला नाही.

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, ती केली. नावाची जागा मोकळी ठेवली. नाव वर्षभरात विनाशुल्क भरता येते. कायद्याने दिलेली ही सवलत आमच्यासारख्यांसाठीच असावी.

शेवटी आम्ही फुफीकडे गेलो. फुफी म्हणजे दादीची थोरली मुलगी, वेल्ह्याकडे दिलेली. भोरहून कापूरहोळ, तिथून चेलाडी आणि पुढे वेल्ह्याची एस.टी. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मंजुरी दिली. गाडीत दोन म्हातारबा त्यावरच बोलत होते. एक म्हणाला, "झालं ते बेस झालं." दुसऱ्याने विचारले, "मग आता उतरायचं कुठं म्हणशील?" पहिला म्हणाला, "वेल्ह्यात." आम्हाला हसू आले. समोर तोरणा दिसत होता. शिवरायांनी त्याचे नाव प्रचंडगड ठेवले, पण लोकांच्या तोंडी तोरणाच राहिला. मुरुंबदेवाच्या डोंगराला त्यांनीच राजगड म्हटले, ते मात्र असे रुजले की मुरुंबदेव आता पुस्तकातच सापडतो. कोणते नाव टिकेल हे नाव ठेवणाऱ्याच्या हातात नसते.

फुफीला सगळी हकिकत सांगितली. ती उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक पिवळा पडलेला कागद काढून आमच्या हातात दिला. दादीचा निकाहनामा. उर्दूत, शिकस्त अक्षरांत, घड्यांवर फाटलेला. घरात तो वाचू शकणारे आम्हीच पहिले असू. वधूच्या नावाच्या जागी लिहिले होते, मैमूना.

"मालन कुठंय?" आम्ही विचारले.

फुफी हसली. "अरे, मालन ये गाँव के बायकांनी केलं. मैमूना त्यांच्या तोंडात बसंना. ओवीतली मालन त्यांना ठाऊक होती, तर म्हणाल्या, आमची मालनच तू. माँ ला आवडलं. मग रेशनकार्डावरबी तेच चढलं."

म्हणजे आम्ही ज्याला जुने नाव म्हणत भांडत होतो, ते कधीकाळी अगदी नवे होते. ज्यांच्या हातात ती बांगड्या भरायची त्यांनीच ते तिला दिले होते. आमचे नातलग म्हणाले होते, आपले नाही. ते इतके आपले होते की परक्या घरच्या बायकांनी ओसरीवर बसून ते ठेवले होते. अब्बांना मैमूना माहीत नव्हते असे नाही. पण त्यांच्यासाठी माँ मालनच होती.

घरी येऊन कागद बेगमपुढे ठेवला. मैमूना म्हणजे बरकतवाली, उम्मुल मोमिनीनमधल्या एकीचे नाव. नातलगांचे तोंड आपोआप बंद झाले. बेगमने मात्र कागदावरून बोट फिरवत विचारले, "त्या कधी घाबरल्या नसतील? एकटीच डोंगर ओलांडून, अनोळखी गावात?" आम्ही म्हटले, पहिल्यांदा घाबरली असेल. मग बेगम म्हणाली, "मैमूनाच ठेवा. पण घरात मी जिया म्हणणार."

दाखल्यावर मैमूना चढले. अब्बा तिला मालन म्हणतात, आई जिया म्हणते. शाळेत काय म्हणतील ते शाळेत गेल्यावर कळेल. तिला चिडवतील का? कदाचित. एखादे दार मिटेल का? तेही नाही असे आम्ही सांगू शकत नाही. पण तेव्हा तिला सांगण्यासारखी एक गोष्ट आमच्याकडे आहे, आणि ती खरी आहे.

फोन अजून येतात. "सर, नवीन नाव सांगा." आम्ही आता लुगत उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो, "तुमच्या दादीचं, नानीचं नाव काय होतं?"

पुष्कळदा पलीकडे शांतता पसरते. मग आवाज येतो, "थांबा सर, अम्मीला विचारून सांगतो. आम्ही दादीच म्हणायचो."