मिसळणाचा डबा

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप. आठवडाभर मनात साचलेलं लिहून टाकतो.

दिवाळीच्या गर्दीआधी आमच्या बस-तिकिटांच्या ॲपला ॲमेझॉनचं इलॅस्टिकॅश सर्व्हरलेस लावलं. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आलेली ही सोय. सर्व्हर निवडायचा नाही, गर्दी वाढली म्हणून मोठा करायचा नाही. डेटा किती, किती वेळ ठेवला आणि वाचला-लिहिला किती, त्याचे पैसे. आईला (कॅश म्हणजे रोकड नव्हे गं, असं आधी सांगून) समजावलं ते असं: डेटाबेस म्हणजे माळ्यावरच्या बरण्या, कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. फोडणी देताना माळ्यावर कोण चढतंय?

"बरणीत नवं तिखट भरलं, तर डब्यातलं जुनं कोण काढणार रे?" आईने विचारलं. मी हसलो. तिथेच चुकलो.

तर झालं असं, की प्रत्येक फेरीची वेळ मी कॅशमध्ये टाकली, पण नोंदीला मुदत, म्हणजे टीटीएल, दिलीच नाही. एक दिवस लातूरची रात्री १०:३०ची गाडी ९:४५ला केली गेली. डेटाबेसमध्ये वेळ बदलली, कॅशला पत्ताच नाही. ॲप आपलं १०:३०च दाखवतंय, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत!

एक काका सव्वादहाला सामान घेऊन वाकडला पोचले. गाडी गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. तक्रारीचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. ओरडले नाहीत. "मी दोनदा बघितलं होतं हो," एवढंच म्हणाले. खरंच बघितलं होतं. लॉगमध्ये दोन्ही वेळा दिसतात.

बिलही फुगलेलं निघालं. होऊन गेलेल्या फेऱ्याही तिथेच पडून! वर साठ्याची मर्यादा घातली असती तरी उपयोग नव्हता. जागा संपली की ही सेवा मुदत असलेल्या नोंदीच बाहेर काढते. आमच्या एकाही नोंदीला मुदत नाही म्हटल्यावर नवीन काही लिहिताना एररच आली असती.

आता मुदत ५ मिनिटं. वेळ बदलली की ती नोंद लगेच पुसतो. आणि तिकीट काढलेल्या माणसाला वेळ दाखवायची ती थेट डेटाबेसमधून. चार मिलिसेकंद जास्त लागले तर लागू देत.

काकांचे पैसे परत केले. पण त्या रात्री ते लातूरला कसे गेले, वेळेत पोचले का, हे आमच्या कुठल्याच टेबलात नाही.

असो. सोमवारी बाकीच्या नोंदी तपासायच्यात. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही.